छात्रालयाचा प्राण



वसतिगृह भिंतींनी उभे राहते. परंतु नांदते ते गृहपतीमुळे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ साली शिक्षक झाले. छात्रालयाची जबाबदारी येताच त्यांनी छडी उगारली नाही. मुलांच्या खोल्या झाडल्या, अंथरुणे आवरली, आजाऱ्यांची शुश्रूषा केली. मुले लाजली आणि आपण होऊन नीटनेटकी राहू लागली. त्यांच्यासाठी गुरुजी ‘छात्रालय’ दैनिक स्वहस्ते लिहीत. १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले.

मुलांना परगावी ठेवताना आपण खोली पाहतो, जेवण पाहतो, शुल्क विचारतो. ताप आलेल्या मुलाच्या उशाशी रात्री कोण बसते, हेही आवर्जून विचारावे, एवढी विनंती.