शिकवण घरातून



लहान मूल विचारते, "अम्मी, शेजारी गणपती बसतो, आपल्याकडे का नाही?" आपण "गप्प बस" म्हणतो किंवा शेजाऱ्याच्या श्रद्धेला नावे ठेवतो. मूल तेच शिकते. "त्यांना त्यांची श्रद्धा प्रिय आहे, आपल्याला आपली," एवढे उत्तर त्याला पुरते.

यात आपला दीन सोडण्याचा प्रश्नच येत नाही. इतर लोक अल्लाहखेरीज ज्यांना पुकारतात त्यांना अपशब्द बोलू नका, अशी ताकीद कुरआन शरीफच्या सूरह अनआममध्ये (आयत १०८) आहे. कारणही दिले आहे : तसे केल्यास तेही अज्ञानापोटी अल्लाहला अपशब्द बोलतील. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने राज्यघटनेत आलेल्या कलम ५१-अ नुसार धर्मभेदांच्या पलीकडे बंधुभाव वाढविणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे.

खरी कसोटी वेगळीच असते. एखादे दिवशी आपले मूल रडत घरी येते. वर्गात कोणीतरी धर्मावरून टोचून बोललेले असते. त्याला जवळ घ्या. गुरुजींना भेटून स्पष्ट तक्रार करा, अन्याय मुकाट्याने सोसू नका. परंतु त्या मुलाच्या धर्मास शिवी देऊ नका. एका पोराच्या चुकीबद्दल साऱ्या समाजाला दोष देणे, याच अन्यायाने आपले मूल रडले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमची धाकटी भावंडे तुमचेच ऐकून बोलतात. म्हणून आधी आपली जीभ सांभाळा.