संकटकाळातील लहरी कोणाच्या?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



जमीन, पाणी आणि जंगल यांच्या मालकीचा प्रश्न समाजवादी चळवळीला नवा नाही. रेडिओ लहरींच्या मालकीचा प्रश्न मात्र आजही तंत्रज्ञांचा मानला जातो. लहरी डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांवरील मक्तेदारीही दिसत नाही. वस्तुतः ही साधनसंपत्ती मर्यादित आहे. एकाच जागी, एकाच वेळी, एकाच कंप्रतेवर दोघे बोलू लागले की दोघांचेही बोलणे कळेनासे होते. म्हणून कोणता लहरीपट्टा कोणाला द्यावयाचा हे समाजाला ठरवावेच लागते. आणि हा निर्णय राजकीय असतो.

या निर्णयाची कसोटी संकटकाळी लागते. खाजगी मोबाइल कंपनी आपले जाळे रोजच्या गिऱ्हाइकीच्या अंदाजाने उभारते. वस्ती विरळ तेथे मनोरे विरळ, नफा कमी तेथे बॅटरीची तरतूदही कमी. आपत्ती आली की सारे एकदम फोन करू लागतात आणि त्याच वेळी वीज जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईची दूरध्वनी व मोबाइल यंत्रणा कोलमडल्याचा अनुभव लाखो लोकांनी घेतला. म्हणूनच पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका यांना स्वतंत्र लहरी, किंवा निदान सामायिक जाळ्यात इतरांना बाजूला सारणारा अग्रहक्क, आवश्यक ठरतो.

हा हक्क नसला तर काय होते, हे २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील वणव्यात दिसले. सांता क्लारा परगण्याचे अग्निशमन दल वणव्याशी झुंजत असताना व्हेरायझन कंपनीने त्याच्या इंटरनेट जोडणीचा वेग पार उतरवला. ठरलेल्या वापराची मर्यादा ओलांडली गेली, हे कारण. दलाने तक्रार केली तेव्हा अधिक महाग योजना घेण्याचा सल्ला मिळाला. पुढे कंपनीने चूक मान्य केली. परंतु आगीपुढे उभ्या असलेल्या माणसाला गिऱ्हाईक समजणारी व्यवस्था त्या कबुलीने बदलली नाही.

अमेरिकेला हा धडा त्यापूर्वीही मिळाला होता. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यू यॉर्कमध्ये पोलीस हेलिकॉप्टरमधून मनोऱ्याविषयी दिलेले इशारे अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचले नाहीत. त्या दिवशी त्या दलाचे ३४३ लोक प्राणास मुकले. त्यानंतर २००८ मध्ये सरकारने एक लहरीपट्टा लिलावात काढला. तो घेणाऱ्या कंपनीने आपल्या व्यवसायाबरोबर आपत्कालीन सेवांचेही जाळे बांधावे, अशी अट होती. किमान अपेक्षित किंमत सुमारे १३३ कोटी डॉलर्स असताना एकच बोली आली, तीही ४७ कोटींच्या घरातली. पट्टा विकला गेला नाही. अखेर २०१२ मध्ये कायदा करून तो सार्वजनिक सुरक्षेला द्यावा लागला आणि जाळ्यासाठी ७०० कोटी डॉलर्सची तरतूद करावी लागली. तरीही २०१७ मध्ये जाळे बांधण्याचे व चालवण्याचे काम २५ वर्षांसाठी एटी अँड टी या कंपनीकडेच गेले आणि शिल्लक क्षमता बाजारात विकण्याची मुभा तिला मिळाली.

ब्रिटनची कथा अधिक बोधप्रद आहे. तेथे २००० साली खाजगी भांडवलाच्या योजनेखाली पोलिसांच्या बिनतारी जाळ्याचा करार झाला. ‘एअरवेव्ह’ नावाचे हे जाळे पुढे अग्निशमन व रुग्णवाहिका सेवांनीही स्वीकारले. मालक बदलत गेले आणि २०१६ मध्ये ते मोटोरोला कंपनीकडे आले. त्याची जागा घेणाऱ्या नव्या जाळ्याच्या कामातही हीच कंपनी एक प्रमुख ठेकेदार होती. नवे काम रखडेल तितका काळ जुन्या जाळ्याचे भाडे मिळत राहणार, अशी ही रचना होती. काम वर्षानुवर्षे रखडले. सरकारला दुसरा पर्याय नव्हता, कारण पोलिसांचा रेडिओ एक दिवसही बंद ठेवता येत नाही. अखेर २०२३ मध्ये तेथील स्पर्धा नियामक संस्थेने निष्कर्ष काढला की, स्पर्धा असती तर मिळाले असते त्याहून वर्षाला सुमारे २० कोटी पौंड अधिक ही कंपनी मिळवीत आहे. मग दरांवर मर्यादा घालण्यात आली. बाजाराच्या गुणगानासाठी प्रसिद्ध असलेल्या देशातच हे घडले, हे ध्यानात घ्यावे.

मग उत्तर केवळ सरकारी मालकी हेच काय? तसे म्हणणे सोपे, पण अपुरे आहे. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालपत्रात, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. त्याच निकालाने प्रक्षेपणावरील सरकारी मक्तेदारीही नाकारली आणि लोकहितासाठी स्वतंत्र सार्वजनिक प्राधिकरणाचा आग्रह धरला. सरकारी आणि सार्वजनिक यांतील हा भेद आपण विसरता कामा नये. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी लिलावाविना लहरी देण्याची सोय केली, हे स्वागतार्ह आहे. परंतु आणीबाणीच्या प्रसंगी जाळी ताब्यात घेण्याचा आणि संदेशवहन बंद पाडण्याचा अधिकारही तोच कायदा सरकारला देतो. जे सरकार संकटात लोकांना बोलते ठेवू शकते, तेच त्यांना मुके करू शकते.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये आपत्कालीन सेवांच्या देशव्यापी जाळ्यासाठी लहरी राखून ठेवण्याची शिफारस केली. असे जाळे उभारताना चार गोष्टींचा आग्रह हवा. लहरी आणि जाळ्याचे नियंत्रण सार्वजनिक संस्थेकडे असावे. खाजगी कंपनीस काम द्यावयाचे झाल्यास करार संपताच यंत्रसामग्री समाजाकडे यावी आणि जुन्या-नव्या जाळ्यांचा ठेका एका हाती जाऊ नये. कराराच्या अटी लोकांसमोर असाव्यात. आणि दुर्गम भागातील मनोरे नफ्याच्या हिशेबातून वगळले जावेत.

हे काम दिल्लीतच होते असे नव्हे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण असते. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात आणि जिल्हा परिषदेचे निर्वाचित अध्यक्ष सहअध्यक्ष. पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका यांना परस्परांशी बिनतारी यंत्रावर बोलता येते काय? वीज गेल्यावर ते किती तास चालते? धरणाखालच्या आणि घाटातल्या गावांपर्यंत त्याचा आवाज पोहोचतो काय? हे प्रश्न कार्यकर्त्यांनी तेथे लेखी विचारावेत आणि उत्तरे ग्रामसभेत वाचून दाखवावीत. पूर येण्यापूर्वी विचारलेल्या प्रश्नाने प्राण वाचू शकतात. पूर ओसरल्यावर त्याचा उपयोग चौकशी समितीलाच होतो.