थडगे नसलेल्या दोघांचे स्मारक

मुंबईस बोरीबंदरला आगगाडीतून उतरून बाहेर आले की समोर महापालिकेच्या इमारतीचा मनोरा दिसतो, आणि तिच्या मागच्या अंगाला आझाद मैदान पसरलेले आहे. सुट्टीच्या दिवशी या मैदानावर क्रिकेटचे इतके सामने एकाच वेळी चालतात की कोणाचा चेंडू कोणाच्या खेळात शिरला हे नवख्याला उमगत नाही. एरवी राज्याच्या कानाकोपऱ्यातून गाऱ्हाणी घेऊन आलेली माणसे येथे धरणे धरून बसलेली असतात. याच परिसरात, रस्त्याच्या कडेला, ‘अमर जवान ज्योती’ नावाचे एक लहानसे स्मारक आहे. उलटी उभी केलेली बंदूक आणि तिच्यावर सैनिकाचे शिरस्त्राण, एवढेच त्याचे रूप. लोकल गाठण्याच्या घाईत असलेली हजारो माणसे रोज त्याच्याजवळून जातात.

११ ऑगस्ट २०१२ रोजी, शनिवारी, या मैदानावर एक निषेधसभा भरली होती. म्यानमारमधील राखाइन प्रांतात आणि आपल्या आसामात झालेल्या दंगलींत मुसलमानांवर अत्याचार झाले, त्यांचा निषेध करण्यासाठी काही मुस्लिम संघटनांनी ती बोलावली होती. सभेला हिंसक वळण लागले. पोलिसांवर आणि वृत्तवाहिन्यांच्या गाड्यांवर हल्ले झाले, गाड्या पेटल्या, महिला पोलिसांशी अभद्र वर्तन झाले. दोन माणसे प्राणास मुकली. पन्नासांहून अधिक जखमी झाले, आणि त्यांत पोलीसच बहुसंख्य होते. याच धुमश्चक्रीत काही तरुण त्या स्मारकावर चालून गेले. त्यांची मोडतोड चालू असताना टिपलेले छायाचित्र वृत्तपत्रांत छापून आले, आणि त्यात एका तरुणाचा पाय स्मारकावर उगारलेला होता.

त्या पायाने जे केले ते जळालेल्या गाड्यांनीही केले नव्हते. चालताना पुस्तकाला, भांड्याला, धान्याच्या सुपाला पाय लागला तर वाकून हात जोडण्याची आपली रीत आहे. अशा देशात सैनिकाच्या स्मृतीवर लाथ पडलेली पाहून माणसे हादरली, यात नवल नाही. दहा दिवसांनी, २१ ऑगस्टला, राज ठाकरे यांच्या नेतृत्वाखाली गिरगाव चौपाटीपासून आझाद मैदानापर्यंत मोठा मोर्चा निघाला. मागोमाग मुंबईच्या पोलीस आयुक्तांची बदली झाली. मुस्लिम समाजातील अनेक नेत्यांनी आणि संस्थांनीही या कृत्याचा धिक्कार केला, परंतु त्यांचा आवाज त्या छायाचित्राइतका दूरवर गेला नाही. पुढे छायाचित्रावरून ओळख पटवून एका तरुणाला पोलिसांनी बिहारमधील सीतामढी जिल्ह्यातून पकडून आणले. तेव्हा आपल्याला न कळवता ही अटक झाली अशी तक्रार बिहारच्या प्रशासनाने केली, आणि पाहता पाहता स्मारकाचा प्रश्न मागे पडून मराठी व बिहारी यांचा जुना वाद पुढे आला.

या साऱ्या गदारोळात एक साधा प्रश्न फार थोड्यांना सुचला. हे स्मारक कोणाचे?

बंदूक आणि शिरस्त्राण हे चिन्ह देशाला परिचित झाले ते दिल्लीच्या इंडिया गेटमुळे. १९७१ च्या युद्धानंतर, २६ जानेवारी १९७२ रोजी, तेथे अमर जवान ज्योतीचे उद्‌घाटन झाले. पन्नास वर्षांनी, २०२२ साली, ती ज्योत जवळच्याच राष्ट्रीय युद्धस्मारकातील ज्योतीत विलीन करण्यात आली. मुंबईतले स्मारकही अशाच कोणा अलीकडच्या युद्धातील जवानांचे असावे अशी बहुतेकांची समजूत होती. वास्तविक ते १८५७ सालच्या दोन शिपायांचे आहे. एकाचे नाव सय्यद हुसेन, दुसऱ्याचे मंगल.

सत्तावन्नच्या उठावात मुंबई शांत राहिली असे इतिहासाच्या पुस्तकांत आपण वाचतो. ती शांतता कशी राखली गेली हे पाहण्यासारखे आहे. त्या वेळी शहराच्या पोलिसांची सूत्रे चार्ल्स फोर्जेट याच्या हाती होती. तो येथेच वाढलेला, देशी भाषा सफाईने बोलणारा, वेषांतर करून बाजारातून हिंडण्यात पटाईत. सोनापूर भागात गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी शिपायांच्या गुप्त बैठका चालतात, असा त्याला सुगावा लागला. त्याने गंगाप्रसादला धाकात घेतले आणि त्याच्याच घरात दडून, भिंतीच्या छिद्रातून कान देऊन, शिपायांचे बोलणे ऐकले. मरीन बटालियनच्या गोऱ्या अधिकाऱ्यालाही त्याने तेथे नेले, आणि आपलीच माणसे बैठकीत पाहून तो अधिकारी थक्क झाला. दिवाळीत उठाव करावा असा बेत होता. तो फसला. सहा जणांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि दहाव्या पलटणीचा शिपाई मंगल यांना १५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्याच एस्प्लनेडचा एक तुकडा म्हणजे आजचे आझाद मैदान.

हा प्रकार पाहणाऱ्यांत एक शाळकरी मुलगा होता. पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झालेले दिनशा वाच्छा हेच ते. त्या वेळी त्यांचे वय तेरा वर्षांचे होते. उतारवयात मुंबईच्या आठवणी लिहिताना त्यांनी ते दृश्य नोंदवले आहे. साठ वर्षे लोटली तरी ते त्यांच्या डोळ्यांपुढून गेले नव्हते.

तोफेच्या तोंडी देण्याच्या शिक्षेत एक हिशेब होता. शिपाई मरणाला भीत नाही हे सरकार जाणत होते, परंतु मरणानंतरच्या संस्काराला मुकण्याची भीती हिंदूला जितकी, तितकीच मुसलमानालाही. तोफ उडाल्यावर चितेवर ठेवायला काही उरत नाही आणि कबरीत उतरवायलाही काही उरत नाही. ते भोगणाऱ्या त्या दोघांत एक मुसलमान होता आणि एक हिंदू. सय्यद हुसेनची कबर कोठेही नाही, मंगलची समाधी कोठेही नाही. दीडशे वर्षांनंतर रस्त्याकडेला उभ्या राहिलेल्या त्या बंदुकीखेरीज त्यांच्या नावाने फूल वाहण्याची दुसरी जागा मुंबईत नव्हती.

लाथ मारणाऱ्याला हे ठाऊक असण्याचा संभव नाही. आपण एका सय्यदाच्या स्मृतीवर पाय उगारतो आहोत हे त्याला कळते तर तो पाय तसाच हवेत थबकला असता काय, हे कोणी सांगावे? पण संतापलेल्यांपैकीही किती जणांना ते ठाऊक होते? ‘त्यांनी आमच्या जवानांचा अपमान केला’ असे जो तो म्हणत होता, आणि ‘आमच्या’ या शब्दात सय्यद हुसेन बसतो की नाही, हे त्या बोलणाऱ्यालाही सांगता आले नसते. तो संताप खोटा मुळीच नव्हता. मात्र ज्यांच्यासाठी तो उफाळला ते दोघे त्यात कोठेच नव्हते. काही वृत्तपत्रांनी त्या दिवसांत त्यांची हकीकत छापली हे उपकारच म्हणायचे. पुष्कळ मुंबईकरांनी ही दोन नावे तेव्हाच प्रथम वाचली.

त्यांपैकी एक नाव तरी नीट उरले आहे की नाही, याचीच शंका आहे. जुन्या इंग्रजी लिखाणात मंगलचे आडनाव ‘गद्रिया’सारखे काहीतरी लिहिलेले आढळते, आणि आजची वृत्तपत्रे कोठे ‘गाडिया’ तर कोठे ‘कडिया’ छापतात. मूळ शब्द ‘गडरिया’, म्हणजे उत्तर हिंदुस्थानातला धनगर, असावा असा तर्क करता येतो. मुंबईच्या पलटणींत तिकडचे पुष्कळ लोक भरती होत असत, तेव्हा तो अगदीच अशक्य नाही. तसे असेल, तर ज्याच्या स्मारकावरून मराठी-बिहारी वाद पेटला तो मंगल स्वतःच गंगेकाठचा ‘परदेशी’ ठरेल. कारकुनाच्या लेखणीतून उतरलेल्या त्या वेड्यावाकड्या अक्षरांवरून याहून अधिक काही सांगता येत नाही.

फोर्जेटला मुंबईच्या व्यापाऱ्यांनी थैली अर्पण केली. ताडदेवला त्याच्या नावाचा रस्ता आहे. स्मारकाची डागडुजी यथाकाल झाली, आणि लोकल गाठणारी माणसे पुन्हा त्याच्या बाजूने धावू लागली.