चालती तोफ

विजापूरच्या तटावरील ‘मुलूख मैदान’ तोफ पाहावयास जाणाऱ्यास एक कथा हमखास ऐकावयास मिळते. अहमदनगरास ओतलेली ही तोफ परांड्याहून विजापुरास नेतांना शेंकडों बैल आणि कित्येक हत्ती जुंपावे लागले, असें सांगतात. कथेंतील आंकडे कितीहि फुगलेले असोत, तिच्यांतील मर्म खरें आहे. जुन्या तोफखान्यास सर्वांत अधिक छळलें तें तोफेच्या वजनानें. लढाईचा रंग पालटला म्हणजे घोडदळ निसटून जाई; तोफा मात्र जागच्या जागीं राहून शत्रूच्या हातीं लागत.

हल्लींच्या युद्धांत ही अडचण अधिकच जीवघेणी झाली आहे. उडालेल्या गोळ्याचा आकाशांतील मार्ग रडार टिपतें आणि तो कोणत्या जागेहून सुटला याचें गणित तत्काळ मांडतें. मग त्या जागेवर उलट मारा होण्यास कांहीं मिनिटेंच पुरतात. यास्तव गोळे सोडतांच तोफेला ती जागा सोडतां आली पाहिजे. या गरजेंतून स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या तोफा निघाल्या. त्यांपैकीं दक्षिण कोरियाची ‘के-९ थंडर’ आज अनेक देशांच्या सैन्यांत आहे, आणि भारतीय सैन्यांत ती ‘वज्र’ या नांवानें आली आहे.

कोरियांत १९८९ सालीं हिच्या कामास आरंभ झाला आणि १९९९ सालीं ती तेथील सैन्यांत दाखल झाली. दिसावयास ती रणगाड्यासारखी. खालीं पोलादी पट्टे, वर फिरता बुरूज. परंतु रणगाडा डोळ्यांसमोरच्या लक्ष्यावर मारा करतो, तर ही डोंगराआड उभी राहून न दिसणाऱ्या लक्ष्यावर. नळीचा व्यास १५५ मिलिमीटर व लांबी त्याच्या ५२ पट, म्हणजे आठ मीटरांहून किंचित् अधिक. सुमारें ४७ टनांचें हें धूड १,००० अश्वशक्तीचें इंजिन ताशीं ६७ किलोमीटरपर्यंत वेगानें पळवूं शकतें. पोटांत पांच माणसें व ४८ गोळे मावतात. लांब पल्ल्याचा खास गोळा ४० किलोमीटरांपर्यंत जातो.

१५ सेकंदांत तीन गोळे सोडण्याची तिची शक्ति आहे. त्यांतील एक युक्ति मुलांच्या खेळांतली आहे. उंच भिरकावलेला दगड उशिरां पडतो, सपाट फेंकलेला लवकर. त्याप्रमाणें पहिला गोळा उंच, दुसरा त्याहून खालीं, तिसरा आणखी खालीं सोडला, म्हणजे तिन्ही एकाच वेळीं लक्ष्यावर पडतात. शत्रूस सांवरण्यास अवधि उरत नाहीं, आणि तोंवर तोफ वाटेला लागलेली असते.

तथापि यंत्र कितीहि उत्तम असलें तरी विजय आपोआप मिळत नाहीं. २३ नोव्हेंबर २०१० रोजीं उत्तर कोरियानें येऑनप्योंग बेटावर अकस्मात् गोळे टाकले. बेटावर सहा के-९ तोफा होत्या. एकीच्या नळींत सरावाच्या वेळचा गोळा अडकलेला होता, आणि दोन तोफांना शत्रूच्या माऱ्यानें इजा झाली. पहिल्या प्रत्युत्तरास तीनच तोफा उरल्या, आणि तें सुरू होण्यास १३ मिनिटें लागलीं. त्या दिवशीं दोन सैनिक व दोन नागरिक प्राणांस मुकले. पुढें १८ ऑगस्ट २०१७ रोजीं सरावांत एका के-९ च्या बुरुजांतच आग भडकली आणि तीन सैनिक दगावले. माणसें आणि दारू एकाच पोलादी खोलींत राहतात, हा या तोफेचा कायमचा धोका आहे.

हा धोका ध्यानांत घेतला म्हणजे तिच्या निरनिराळ्या आवृत्त्यांचें महत्त्व कळतें. ‘के-१०’ ही तिची रसदगाडी. सांगाडा तोच, पण नळीच्या जागीं सरकता पट्टा. तिच्यांत १०४ गोळे राहतात, आणि माणसांनीं उघड्यावर न उतरतां मिनिटास बारा या गतीनें ते तोफेंत जातात. ‘के-९ ए-२’ या नव्या आवृत्तींत गोळा व दारू यंत्रच भरतें, त्यामुळें पांचांऐवजीं तीन माणसें पुरतात. जोखमींतलीं दोन माणसें कमी झालीं, ही सुधारणा लहान नव्हे.

अन्य देशांनीं हिला आपापल्या घरचें रूप दिलें. तुर्कस्तानानें २००१ च्या करारानें ‘फिर्तिना’, म्हणजे वादळ, घडविलें. पोलंडच्या ‘क्राब’ची, म्हणजे खेंकड्याची, कथा मौजेची आहे. बुरूज ब्रिटिश धर्तीचा, पण देशीं बनविलेल्या सांगाड्यांत दोष निघाले. तेव्हां २०१४ सालीं कोरियन सांगाडा घेऊन दोहोंचा सांधा जुळविला. अशा १८ तोफा पोलंडनें २०२२ मध्यें युक्रेनला दिल्या. फिनलंडनें हिचें नांव ‘मोउकारी’, म्हणजे घण, ठेविलें; नॉर्वेनें आपल्या पुराणांतील विदार देवाचें नांव दिलें; ऑस्ट्रेलियानें ‘हंट्समन’, म्हणजे शिकारी.

भारतानें २०१७ सालीं १०० तोफांचा करार केला. त्या सुरतेजवळ हजिरा येथें लार्सन अँड टूब्रोच्या कारखान्यांत तयार झाल्या. ९ नोव्हेंबर २०१८ रोजीं नाशिकजवळ देवळाली येथें, तोफखान्याचें शिक्षण देणाऱ्या त्या जुन्या छावणींत, हिचा सैन्यप्रवेश झाला. शंभरावी तोफ फेब्रुवारी २०२१ मध्यें सैन्याच्या स्वाधीन झाली. वाळवंटासाठीं म्हणून घेतलेली ही तोफ त्याच वर्षीं लडाखच्या उंचीवर न्यावी लागली. तेथें हवा विरळ आणि थंडी हाडें गोठविणारी. अशा थंडींत बॅटरी मंदावते, वंगण घट्ट होतें. म्हणून तिला निराळी सामग्री द्यावी लागली. तिनें तेथें काम दिलें, आणि डिसेंबर २०२४ मध्यें सुमारें ७,६२९ कोटी रुपयांस आणखी १०० तोफांचा करार झाला.

मुलूख मैदान आज विजापुरास आहे तेथेंच आहे. वज्र गुजराथेंत जन्मून हिमालयापलीकडे पोंचलें. तोफेची थोरवी पूर्वीं तिच्या आकारावरून व आवाजावरून ठरे. आतां गोळा किती दूर जातो याबरोबरच, तो सोडल्यावर आंतलीं पांच माणसें किती लवकर सुरक्षित ठिकाणीं पोंचतात, हेंहि पाहावें लागतें. या पांचांना वेळींच आज्ञा मिळणें, त्यांचें शिक्षण पुरें होणें आणि त्यांची सामग्री तयार असणें, या गोष्टी कोणत्याहि कारखान्यांत ओतून मिळत नाहींत. त्या प्रत्येक सैन्यास रोजच्या रोज कष्टानेंच मिळवाव्या लागतात.