न दिसणाऱ्या दुखण्याचा साक्षीदार



माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. हा गृहस्थ वैद्यकावर काय बोलणार, अशी शंका आपणांस येईल. परंतु आजचा विषय जितका वैद्यांचा, तितकाच कामगारांचाही आहे.

मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव अवघड, पण गोष्ट सोपी आहे. विजेच्या तारेवर रबराचे वेष्टन असते, तसे मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवर मायलिनचे असते. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच ते कुरतडू लागते. मग एका डोळ्याला अंधूक दिसते, पाय बधिर होतो, तोल जातो, विलक्षण थकवा येतो. पुष्कळदा काही आठवड्यांनी माणूस सावरतो. पुढे कधीतरी दुखणे परतते. उन्हाने त्रास तात्पुरता वाढतो. रोग जडतो तो बहुधा विशी ते चाळिशीत, ऐन कमावत्या वयात. आणि स्त्रियांना अधिक. काल राबणारा माणूस आज बसून राहिला, की लोक म्हणतात, सोंग आहे!

पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ साली या रोगाचे नेमके वर्णन केले. तरी तो थंड देशांचा, आपल्याकडे विरळाच, असा समज पुढे शंभर वर्षे राहिला. मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. भीम सिंघल यांनी तो पारखून घेतला. लंडनला शिकून आलेले वाडिया जे. जे. रुग्णालयात गोरगरिबांना तपासत. १९७५ साली या दोघांनी मुंबई परिसरातील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा एमआरआय यंत्र नव्हते; रुग्णाचे म्हणणे नीट ऐकणे आणि त्याला बारकाईने तपासणे, हेच मुख्य साधन. १९९० साली वाडियांनी पारशी समाजात हा रोग बराच आढळतो, हे दाखवून दिले. २०१६ साली ते वारले.

ज्याची मोजदाद नाही, त्याची मागणीही नाही, हे आम्ही चळवळीत शिकलो. मोजदाद झाली, म्हणून वाट मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत या रोगाचे नाव आहे. सरकारी नोकराला अपंगत्व आले म्हणून त्यास कामावरून काढता येत नाही.

परंतु आपल्या बीडच्या ऊसतोडीचे काय? तेथे नवराबायको मिळून एक कोयता. बाई फडात बसली, की खाडा लागतो आणि उचल अंगावर राहते. प्रत्येक थकवा हाच रोग असतो, असे मी म्हणत नाही. पण डोळा अंधूक झाला, हातपाय बधिर होऊन पुन्हा सुधारले, तर करणी म्हणू नका, कामचुकार म्हणू नका. अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात न्या. आज औषधांनी पुढचे झटके कमी करता येतात.

दुखणे खरे की खोटे, हे मुकादमाने ठरवू नये, डॉक्टरने ठरवावे. आणि डॉक्टरपर्यंत जाण्याच्या दिवसाचा खाडा लागू नये. मागणी एवढीच आहे. ती पदरात पाडून घेण्यास आपली साथ हवी.