घरचे ध्वनिमुद्रण आणि आवाजाची तोटी



२०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा कितीतरी शिक्षकांनी घरच्या खोलीत बसून धडे आणि कविता मुद्रित केल्या. पुढे कुणाला आजीच्या ओव्या जपाव्याशा वाटल्या. एक संगणक, त्याला जोडलेला ऑडिओ इंटरफेस, मायक्रोफोन आणि दोन स्पीकर एवढ्यावर घरचा स्टुडिओ उभा राहतो. मग कोणीतरी सुचवते, "गुरुजी, आता मॉनिटर कंट्रोलर घ्या." तो घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता, एवढेच आज सांगणार आहे.

इंटरफेस आणि स्पीकर यांच्या मध्ये बसणारी ही एक लहानशी पेटी. तिच्या घुंडीने आवाज कमीजास्त करता येतो. काही पेट्यांवर आवाज एकदम बंद करण्याचे बटण असते, स्पीकरची जोडी बदलण्याचे असते आणि 'मोनो'चेही असते.

घुंडीचे एवढे महत्त्व कशाला? कारण आपला कान फसवा आहे. अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की, आवाज मोठा झाला की खालचे स्वर आपल्याला अधिक भरदार वाटू लागतात. म्हणून मोठे ते चांगले असा भास होतो. त्यावर उपाय सोपा आहे. घुंडीवर एक खूण करा आणि नेहमी त्याच खुणेवर ऐकून निर्णय घ्या.

'मोनो'चे महत्त्व मला ठेच लागल्यावर कळले. आमच्या आत्याबाईंच्या ओव्या मी दोन मायक्रोफोन लावून मुद्रित केल्या. एक तोंडाशी, दुसरा जात्याशी. दोन स्पीकरवर सुरेख वाटले. पण गावी एका जुन्या मोबाइलच्या एकाच स्पीकरवर लावले, तर आत्याबाईंचा आवाज पोकळ झालेला! दोन मायक्रोफोनना थोड्या अंतराने पोचलेला तोच आवाज एकत्र येताना काही ठिकाणी एकमेकांस खाऊन टाकतो. मूळ मुद्रण जपले होते, म्हणून निभावले. मोनोचे बटण आधी दाबले असते, तर दोष घरीच सापडला असता.

आता प्रकार पाहू. पहिला 'पॅसिव्ह'. तो टाकीच्या तोटीसारखा. धार कमी करील, वाढवणार नाही. त्याला वीज लागत नाही, किंमतही कमी. मात्र त्याच्या पुढच्या वायरी आखूड ठेवाव्यात. फार लांब झाल्या तर वरचे स्वर मंदावतात. दुसरा 'ॲक्टिव्ह'. त्यात वीज आणि ॲम्प्लिफायरचे भाग असतात. हेडफोन, दोनतीन स्पीकरजोड्या, गायकाशी बोलण्याची सोय असे पुष्कळ काही त्यात मिळते. पण स्वस्तातला घेतला तर खरखरही पदरात पडते.

घेण्यापूर्वी एक परीक्षा करा. एकट्या माणसाचे बोलणे मोनोमध्ये लावून दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध बसा आणि घुंडी हळूहळू कमी करा. आवाज मध्येच राहिला तर ठीक. तो डावीकडे किंवा उजवीकडे सरकू लागला, तर घुंडीच्या दोन बाजू सारख्या नाहीत असे समजा. अगदी खालच्या टोकाला थोडा फरक पुष्कळ पेट्यांत आढळतो. अशा वेळी स्पीकरच्या मागची घुंडी कमी करावी, म्हणजे पेटीची घुंडी वर ठेवून काम भागते.

आणखी एक सावधगिरी. ही पेटी स्वतःचा ॲम्प्लिफायर पोटात असलेल्या स्पीकरसाठी आहे. वेगळा ॲम्प्लिफायर असेल तर ती त्याच्या आधी जोडावी, नंतर कधीही नाही.

शेवटी खर्चाचे. स्पीकरची जोडी एकच असेल, इंटरफेसवर चांगली घुंडी असेल आणि मोनोची सोय संगणकात असेल, तर ही पेटी तूर्त घेऊच नका. मोनोची सोय नसेल, तर मोनोचे बटण असलेली साधी पॅसिव्ह पेटी पुरे. ॲक्टिव्ह घ्यावी ती दोन जोड्या किंवा गायकाशी बोलण्याची गरज असेल तेव्हाच. वाचलेल्या पैशांत बरा मायक्रोफोन येईल. आणि खोली घुमत असेल, तर घरातल्या चार जाड गोधड्या भिंतींवर टांगून पाहा. त्याला तर पैसाही पडत नाही.