उन्हाळी विद्यावर्गाची निवड



सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींस इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या परदेशांतील उन्हाळी वर्गांस धाडावे, ही हौस आपल्या घरांतून वाढत आहे. ती स्तुत्यच होय. परंतु तीपायी ठेव मोडण्यापूर्वी थोडा विचार व्हावा, एवढीच आमची विनंती.

ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या वास्तूंत भरणारे कित्येक वर्ग खाजगी कंपन्यांचे असतात. महाविद्यालयांच्या खोल्या त्यांनी भाड्याने घेतलेल्या असतात. तेथील प्रमाणपत्राने विद्यापीठात प्रवेश मिळत नाही. उलटपक्षी, अमेरिकेतील टेल्युराइड असोसिएशनने १९५४ साली आरंभिलेल्या परंपरेतील वर्गांत शिक्षण, निवास व भोजन यांचे शुल्क पडत नाही. निवडीत विद्यार्थ्याच्या स्वलिखित निबंधांना मोठे महत्त्व असते.

म्हणून वास्तूच्या नावास न भुलता चार प्रश्न विचारावे. शिकविणार कोण? वर्गात मुले किती? ग्रंथ कोणते वाचावयाचे? लिहिलेला निबंध तपासून परत मिळणार काय? समाधानकारक उत्तरे न मिळाल्यास पैसा घरीच राहू द्यावा. जिज्ञासा गावच्या ग्रंथालयातही वाढते. मुलीच्या पदवीसाठी जमविलेली पुंजी एका छायाचित्रापायी खर्ची पडू नये, इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.